महागाची थर्मल पेस्ट लावून टेंपरेचर उलट वाढलं??

गरम_डोकं:
मंडळी, परवा रात्री कूलरसोबत आलेल्या पेस्टवर (सीपीयू आणि कूलरच्या मधे लावतात ती) प्राइम९५ (सीपीयूवर फुल लोड टाकणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालवलं तर सीपीयू ७८ डिग्री आला, आज दुपारी महागाची लावून परत तेच केलं तर ७९! पैसे पाण्यात गेले का लावायलाच चुकलो? कूलर उचलून बघितला, पेस्ट नीट पसरली होती म्हणून तसाच परत बसवला. शिवाय एचडब्ल्यूइन्फोत (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) दहा ठिकाणी दहा आकडे, कुठला धरायचा तेच कळेना.

पंखावाला:
खोलीचं टेंपरेचर कुठंय? खोली ४ डिग्रीने तापली की सीपीयू पण जवळपास तेवढाच चढतो. त्यामुळे सीपीयूमधून खोलीचं वजा कर आणि तो फरकच लिहून ठेव, नुसत्या ७८-७९ ला काही अर्थ नाही. थर्मामीटर पंखा जिथून हवा ओढतो तिथे ठेव, मागे गरम हवा बाहेर पडते तिथे नको.
आणि उचललेला कूलर तसाच परत बसवायचा नसतो रे, मधे हवा अडकते आणि पेस्ट लावायची तीच हवा घालवायला. पुसून नवीन लाव.

ओव्हरक्लॉक_आजोबा:
वरच्याशी सहमत पण तेवढ्याने भागणार नाही. बूस्ट चालू असेल तर थंड मिळालं की प्रोसेसर आपणहून क्लॉक (वेग) वाढवतो, जास्त वॅट खातो आणि आकडा परत तिथेच येऊन बसतो, एएमडीच्या रायझन ७००० चे मोठे प्रोसेसर तर फुल लोडला सरळ ९५ पर्यंत जातात, तिथे पेस्टचा फरक टेंपरेचरमध्ये नाही तर क्लॉकमध्ये दिसतो. म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) क्लॉक, व्होल्टेज फिक्स कर, पंख्याचा आरपीएम पण फिक्स, आणि पॅकेज पॉवर (सीपीयू किती वॅट खातो ते) दोन्ही वेळा सारखी आहे ना बघ. वॅटच वेगळे असतील तर तुलना कसली!
प्रत्येक पेस्ट निदान तीनदा लाव. मी एकच पेस्ट तीनदा लावली होती तर २ डिग्री इकडेतिकडे झाले, पेस्ट तीच, हातही तेच.

सेन्सरप्रेमी:
आकड्यांचं सांगतो. इंटेल असेल तर ‘सीपीयू पॅकेज’ धर, आणि मॅक्स नाही, शेवटच्या पाच मिनिटांचं अ‍ॅव्हरेज. तो सेन्सर मुळात कमाल मर्यादेपासून किती खाली आहे तेच मोजतो, त्यामुळे आयडलच्या (काम नसतानाच्या) आकड्यावर फार विश्वास नको. एएमडीत जुन्या रायझन १८००एक्सला टीसीटीएल नावाचा टेंपरेचरचा आकडा खऱ्यापेक्षा २० डिग्री जास्त दाखवायचा, लोक उगाच घाबरायचे. इंटेलचा सेन्सर १-१ डिग्रीच्या पायरीने चालतो, १ डिग्रीवरून भांडू नका.

गरम_डोकं:
रविवार गेला यात 😅 सगळं फिक्स करून तीन-तीनदा लावलं. खोली वजा करून जुनी ५२, ५१, ५३ आणि नवीन ५०, ५१, ५०.

पंखावाला:
म्हणजे दीड-पावणेदोन डिग्री. नवीन बरी आहे, पण पंखा पुसलास तरी एवढं मिळालं असतं 😂