मदत हवी आहे: देवनागरी लेखनासाठी रुंद निब कोणती निवडावी?

नमस्कार.

मी पत्रे फाउंटन पेनने लिहितो आणि त्यासाठी एक चांगली रुंद निब घ्यायची आहे. या निबांविषयी मिळणारे बहुतेक मार्गदर्शन रोमन लिपी समोर ठेवून केलेले असते, म्हणून मराठीत लिहिणाऱ्या जाणकारांना विचारत आहे.

सध्या लामी सफारी या पेनाला 1.1 मिमीची सपाट टोकाची निब लावली आहे. तिच्यामुळे उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक येतात. इंग्रजीत ते शोभून दिसते. मराठीत मात्र काना ठसठशीत उमटतो, शिरोरेषा केसासारखी राहते आणि शब्द वरून बांधलेला वाटत नाही. पेन जरा फिरवून धरले तर शिरोरेषा भरते, पण मग डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघा जाड होतात, आणि देवनागरीचे वळण नेमके याच्या उलट आहे.

जुन्या पोथ्यांतील अक्षर ज्या बोरूने लिहिले जाई, त्याचा काप रोमन टाकाच्या विरुद्ध दिशेने तिरका असे. टोक समोर रोखून वरून पाहिले, तर डावी बाजू लांब आणि उजवी आखूड. तयार मिळणाऱ्या तिरक्या निबांत, म्हणजे ज्यांवर ‘ओबी’ (ऑब्लिक ब्रॉड, तिरकी आणि रुंद) लिहिलेले असते त्यांत, सहसा उजवी बाजू लांब असते, त्यामुळे त्या मी बाद धरल्या आहेत. प्लॅटिनम 3776 या पेनाच्या म्युझिक निबेला (मूळची संगीताची स्वरलिपी लिहिण्यासाठीची) दोन चिरा असल्याने शाईचा पुरवठा मुबलक होतो, परंतु जाड-बारीकपणा स्टबसारखाच, म्हणजे माझ्या सध्याच्या सपाट टोकाच्या निबेसारखाच राहतो. आर्किटेक्ट घडणीत, म्हणजे आडव्या रेघा जाड आणि उभ्या बारीक काढणाऱ्या टोकाने, शिरोरेषा भक्कम येते, पण काना अशक्त होतो. पायलट पॅरलल या सुलेखनाच्या पेनाची निब माझ्या अक्षराला फार रुंद पडते, तिच्या 1.5 मिमीच्या टोकानेसुद्धा ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या गाठी शाईने भरून जातात.

म्हणून जोवो कंपनीची सहा नंबर आकाराची साधी ‘बी’ (ब्रॉड, म्हणजे रुंद) निब घेऊन ती बोरूच्या दिशेने तिरकी घासून घ्यावी, असे मनात आहे. पूर्ण 45 अंशांचा काप ठेवला तर रोजच्या लिहिण्यात टोक कागदावर नीट टेकवणे जड जाईल असे मला वाटते. 15 ते 20 अंश पुरेसे होतील का? घासण्याने टोकाची रुंदी वाढत नाही, तेव्हा ‘बी’ऐवजी त्याहून रुंद ‘बीबी’पासून सुरुवात करणे बरे का? आणि वेलांटीसाठी टोक वर ढकलताना कागद खरवडला जाऊ नये, म्हणून कोपरे कितपत गोल ठेवावेत?

ज्यांनी अशी निब देवनागरीसाठी वापरली आहे, त्यांनी शक्य असल्यास एका ओळीचे छायाचित्रही द्यावे. असे काम भारतात विश्वासाने करून देणारे कारागीर माहीत असतील, तर तेही कळवावे.