मुलाचं निदान चुकलं, भरपाई मागायची आहे. सुरुवात कुठून करावी?

रानफूल
मुलगा, वय ६. खूप तहान, रात्री अंथरूण ओलं, उलट्या, धाप. खासगी दवाखान्यात दोनदा दाखवलं, दोन्ही वेळा न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक. चौथ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात साखर ५४० निघाली. टाइप १ मधुमेह, कीटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठणं), मेंदूला सूज. अजून चालताना तोल जातो. १४ महिने झाले. पोलीस, मेडिकल कौन्सिल की ग्राहक आयोग?

कायदेकानू
भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. कौन्सिल डॉक्टरांची नोंदणी निलंबित करू शकते, पैसे मिळवून देत नाही. फौजदारीत सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, त्यामुळे ती वाट आधी धरू नका.

आयोगाकडे तक्रारीची मुदत २ वर्षं, आणि ती पहिल्या भेटीपासून मोजा. म्हणजे जेमतेम १० महिने उरले. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कागदपत्रांसाठी आजच दवाखाना आणि रुग्णालय दोन्हीकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. भरती रुग्णाची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत आणि ३ वर्षं जपावीत असा नियम आहे. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. नर्सिंग नोट्स, तासातासाचा साखर-इन्सुलिन-सलाईनचा तक्ता आणि रक्तवायू तपासणी नाव घेऊन मागा. ओपीडीचे मूळ केसपेपर स्कॅन करा आणि मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका.

नाडीपरीक्षा
बहुतेक तक्रारी एका मुद्द्यावर पडतात, तो नीट समजून घ्या. मधुमेह डॉक्टरांमुळे झालेला नाही. आयुष्यभराच्या इन्सुलिनचा खर्च मागितलात तर समोरचा वकील तेच धरून अख्खी तक्रार खिळखिळी करेल. मागणी उशिरामुळे जे बिघडलं तेवढ्याचीच हवी: आयसीयू, मेंदूची इजा, पुढची फिजिओथेरपी.

पहिल्या भेटीचा केसपेपर समोर ठेवून बघा. श्वासाचा वेग, वजन, ऑक्सिजन लिहिलंय का? ताप होता का? एक्स-रे स्वच्छ होता का? कीटोॲसिडोसिसमध्ये श्वास खोल आणि भरभर चालतो, छाती मात्र स्वच्छ ऐकू येते. न्यूमोनियाचा पुरावा नसताना, बोटाच्या एका थेंबात काही सेकंदांत कळणारी साखर का पाहिली नाही, हा तुमचा मुख्य प्रश्न.

दुसरी अडचणही आधीच ओळखा. मेंदूची सूज उपचार सुरू असतानाही येते. पहिला दवाखाना दुसऱ्याकडे बोट दाखवणार, म्हणून तो तासातासाचा तक्ता मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञाला दाखवून लेखी मत घ्या. मलेरियाऐवजी टायफॉइडचे उपचार झालेल्या किशन राव प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वेळी तज्ज्ञाचं मत लागत नाही असं म्हटलंय, पण मेंदूच्या इजेत त्यावर विसंबू नका.

रानफूल
तहान आणि लघवीचं तोंडी सांगितलं होतं. कागदावर नाही.

नाडीपरीक्षा
मग त्या दिवसांतले पुरावे शोधा. नातेवाइकांना पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, शाळेच्या डायरीत ‘वारंवार लघवीला जातो’ अशी नोंद, सोबत गेलेल्याचं शपथपत्र. भरतीच्या वेळचं एचबीए१सीही (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) पाहा. ते जास्त असेल तर साखर बरेच दिवस चढलेली होती हे दिसतं. सांगितलं नसेल ते सांगितल्याचं मात्र लिहू नका, उलटतपासणीत सगळंच जातं.

कायदेकानू
तक्रारदार म्हणून मुलगा (अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचा, तर्फे आई किंवा वडील) आणि आईवडील स्वतः, असे सगळे या. स्प्रिंग मेडोज प्रकरणात (१९९८) मुलाला १२.५ लाख आणि पालकांना मनस्तापाचे ५ लाख वेगळे मिळाले होते. सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) म्हणून डॉक्टर आणि दवाखाना दोघेही घ्या. विम्याची माहिती मिळाली तर विमा कंपनीही.

आयोगाची पायरी ठरते तुम्ही दिलेल्या फीवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचं शुल्कच नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. म्हणून भरपाईचा आकडा घाबरून कमी लिहू नका, पण प्रत्येक रुपयामागे कागद लावा: बिलं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, फिजिओथेरपिस्टचं महिन्याच्या खर्चाचं पत्र. कृष्णकुमार प्रकरणात (२०१५) मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे वेळेत तपासले नव्हते. तिथे पुढच्या उपचारांचा खर्च महागाई धरून मोजला गेला आणि एकूण १.८ कोटींच्या आसपास मंजूर झाले.

आणि डॉक्टरांचं नाव इथे किंवा फेसबुकवर टाकू नका. अब्रुनुकसानीची नोटीस आली की मूळ तक्रार बाजूला पडते.