चाक बदलण्याआधी सेल बघा
बुलोवाचं अ‍ॅक्युट्रॉन २१४ म्हणजे ट्यूनिंग फोर्कच्या (कंप पावणाऱ्या धातूच्या चिमट्याच्या) कंपनांवर चालणारं जुनं मनगटी घड्याळ. ते पुढे पळत असेल तर काय करावं, यावर दिलेल्या सल्ल्याबद्दल हे लिहितोय. गुणगुण ऐकू येते म्हणजे कॉइल (फोर्कला हलवणारं तारेचं वेटोळं) शाबूत, इथपर्यंत पटलं. पण घड्याळ पुढे पळतंय म्हणून थेट इंडेक्स चाक (फोर्कच्या दर कंपनाला एकेक दात सरकणारं बारीक चाक) बदला, हे घाईचं वाटतं. ते यंत्र १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेलं. आज मिळतो तो सिल्व्हर ऑक्साइड १.५५ चा. जादा व्होल्टेजमुळे फोर्क जास्त झुलतो, आणि सेकंदाच्या ३६० कंपनांत मधूनच एकाऐवजी जास्त दात ढकलले जातात.

मीही सुट्या चाकाच्या शोधात महिना घालवला. शेवटी भिंगाखाली पाहिलं तर जेमतेम अडीच मिलिमीटरच्या चाकाचे दात ठणठणीत (तीनशे मोजायचा धीर नव्हता, खरं सांगतो). व्होल्टेज उतरवणारा डायोडवाला अडॅप्टर बसवला, काटा ताळ्यावर आला. तरीही पळालं, तर मग पॉलचं (चाकाचे दात ढकलणाऱ्या आणि अडवणाऱ्या खटक्यांचं) फेजिंग, म्हणजे त्यांची आपसातली जुळणी, तपासा.