उत्तरेकडच्या खोलीसाठी दोन राखाडी छटांपैकी कोणती निवडावी?

प्रश्न
पुण्यातील आमच्या घरी आईची खोली रंगवायची आहे. एकच खिडकी आहे, तीही उत्तरेकडे. खाली शहाबादी फरशी आहे आणि आईचे सागवानी कपाट तेथेच राहणार आहे. शेड कार्डावरील दोन फिकट राखाडी छटांवर आम्ही अडलो आहोत: एकीला हिरवट झाक आहे, दुसरीला मातकट. रंगारी म्हणतो की भिंतीवर फरक कळणार नाही. आईचा बहुतेक दिवस याच खोलीत जातो, म्हणून निवड चुकू नये असे मनापासून वाटते.

पहिला प्रतिसाद
फरक नक्की कळेल. चारही भिंतींना एकच रंग लागला की एका भिंतीवरून परतलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो आणि कार्डावर जेमतेम जाणवणारी झाक ठळक होते. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातील बराच काळ ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो, आणि शहाबादी फरशीही निळसरच असते. अशा खोलीत हिरवट राखाडी उदास वाटेल. मी मातकट छटा घेईन.

दुसरा प्रतिसाद
मला मात्र कपाटाचा विचार महत्त्वाचा वाटतो. तांबूस सागवान मातकट भिंतीपुढे दबते, हिरवट भिंतीपुढे खुलते. शिवाय रात्री दिवा कोणता असतो? २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा आणि ६५०० केल्विनचा पांढरा दिवा यांखाली एकच छटा निराळी भासते. दोन फुटी पुठ्ठ्यांवर प्रायमर लावून प्रत्येक छटेचे दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळल्यावर कपाटाशेजारी, खिडकीसमोरच्या भिंतीशी उभे करून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावेत. भिंतीवरच नमुना लावू नये, कारण भोवतीचा जुना रंग डोळ्यांना फसवतो.

प्रश्नकर्ती
दोन्ही पुठ्ठे तीन दिवस ठेवून पाहिले. कपाटाबाबतचे म्हणणे खरे ठरले. हिरवट छटेजवळ लाकूड फार सुंदर दिसत होते. परंतु ढगाळ दुपारी तीच छटा इतकी थंड भासली की आईने पलंगावरूनच मातकट पुठ्ठ्याकडे बोट दाखवले. दिवा ६५०० केल्विनचा होता, तो बदलून ३००० चा लावला आहे. आता छतालाही हीच छटा द्यावी का?

पहिला प्रतिसाद देणारे
छत पांढरेच ठेवावे. एका खिडकीच्या खोलीत वरून परतणारा उजेड गमावणे परवडणार नाही. फक्त निळसर पांढरा टाळून किंचित दुधी पांढरा घ्यावा.