अबॉर्शनवर पोस्टर करायचंय, पण भ्रूण न दाखवता. काही सुचतंय का?

रंगपेटी_मिरज
नमस्कार मंडळी, अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे, फायनलला सोशल कॅम्पेन करायचंय आणि मी विषय घेतलाय सुरक्षित गर्भपात, म्हणजे कायदा बाईला काय देतो ते. कारण असं झालं की आमच्या गल्लीतल्या एका वहिनीला दोन मुलांनंतर परत दिवस गेले, नको होतं, तर एका दवाखान्यातून तिला नवऱ्याची सही आण म्हणून दोनदा परत पाठवलं, आणि नवरा ट्रकवर, गुजरातेत. नंतर मी वाचलं की सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागतच नाही, तेव्हा डोकंच फिरलं. आता प्रॉब्लेम चित्राचा. सर म्हणतात भ्रूण दाखव, रक्ताचा थेंब दाखव, लोक थांबून बघतात. रेफरन्स शोधायला गेले तर मराठीत जे सापडतं ते सगळं पोटातलं बाळ हात जोडून 'आई मला मारू नकोस' म्हणतंय असलंच. आईला पहिलं स्केच दाखवलं तर ती म्हणाली, अगं पण गर्भपात सरकारने बंद केलाय ना? माझी आई बीए आहे हो. मग कोणती प्रतिमा घ्यायची? बाहेरच्या देशांतलं असुरक्षित गर्भपाताचं चिन्ह, ते तारेचं हँगर, इकडे कुणाला कळणार, आपल्याकडे त्यावर शर्ट वाळत घालतात.

सिस्टरताई
तुझ्या आईचं चुकलं नाही गं, पोस्टरांनी शिकवलं तेच ती म्हणाली. मी वीसेक वर्षं गावोगाव आरोग्याच्या बैठका घेतल्यात, दर बैठकीत निदान एक बाई हेच विचारते. झालं काय, गर्भपाताचा कायदा 1971चा. लिंगतपासणीवर बंदी आणणारा कायदा महाराष्ट्राने सगळ्यात आधी केला, 1988 ला, मग 1994 ला देशभर आला. दोन कायदे, दोन वेगळ्या गोष्टी. गुन्हा आहे तो मुलगा की मुलगी बघण्याचा आणि त्यावरून पाडण्याचा. पण भिंतीवर काय आलं तर गर्भाला नाकडोळे, वर सुरा आणि खाली 'भ्रूणहत्या पाप आहे'. त्यात लिंगतपासणी कुठे दिसते? मशीन नाही, पैसे घेणारा नाही, दुसरी मुलगी झाली म्हणून टोमणे मारणारं घर नाही, चित्रात फक्त पोट आणि सुरा, म्हणजे आरोपी कोण तर जिचं पोट ती. 2011 च्या जनगणनेत बीडला हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या तेव्हा मोहिमेचा जोर वाढला, वाढायलाच हवा होता. मग 2017 ला तुमच्याच बाजूला म्हैसाळला बेकायदा पाडलेले 19 भ्रूण सापडले. त्यानंतर माझ्या ओळखीचे चांगले डॉक्टरसुद्धा साध्या सात आठवड्यांच्या केसलाही हात लावायला कचरायला लागले, कशाला डोक्याला ताप म्हणून. आणि डॉक्टरने नाही म्हटलं म्हणून काही बाईचं पोट थांबत नाही, ती मेडिकलमधून गोळ्या आणते नाहीतर कुणा सुईणीकडे जाते.

तर पहिलं काम, हत्या हा शब्द उडव. बायका आपसात कुणी गर्भपातसुद्धा म्हणत नाहीत. पिशवी साफ केली म्हणतात, क्युरेटिंग केलं म्हणतात.

चुना_गेरू
मी जुना पेंटर, ऐंशीच्या दशकात झेडपीच्या भिंती रंगवल्यात. तेव्हा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, उलटा, टोक खाली, तो आम्ही डोळे मिटून काढायचो. डिझाइन म्हणून आजही सलाम, वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही लांबून कळायचं की हितं काय मिळतं, आणि एका रंगात भागायचं त्यामुळे खर्च नाही. पण पोरी एक लक्षात घे, तो त्रिकोण तुला सांगायचा की किती पोरं पाहिजेत. तुला काय पाहिजे ते विचारायचा नाही. आणीबाणीत नसबंदीची जबरदस्ती झाली त्यानंतर आमच्या गावात त्रिकोण दिसला की बाप्ये वाट बदलायचे, चित्र तेच होतं बघ.

आणि र. धों. कर्वे विसरू नकोस. 1921 ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 1953 ला जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, एकट्याने. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. अश्लीलतेचे खटले झाले, एकात तर वकील डॉ. आंबेडकर. आता कुणी म्हणेल पुरुषाने बाईचं नागडं चित्र छापलं त्यात हक्क कसला, तो वादही करता येईल, मला स्वतःला ती चित्रं थोडी परकीच वाटतात. पण शरीर झाकून ठेवायची गोष्ट नाही हे तो माणूस आतल्या लेखांच्या आधी मुखपृष्ठावरच सांगून टाकायचा.

सडेतोड७७
सगळं ठीक आहे पण मुली मारल्या जातात त्याचं काय? भ्रूण दाखवला की माणूस हलतो, म्हणून दाखवतात. तुमची पोस्टरं बघून उद्या लोक म्हणतील सरकारच सांगतंय पाडा.

सिस्टरताई
दादा, हलतो कोण ते बघा ना. सासू हलत नाही, तपासणारा हलत नाही, त्याचं दुकान आता गाडीत मशीन घालून फिरतं. हलते ती बाई, तीही घाबरून. पहिली मुलगी असलेली बाई खरोखर गर्भ खराब निघाला म्हणून आली तरी नर्स तिच्याकडे संशयाने बघते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लिंगतपासणीवर पोस्टर करायचं तर करा, त्यात पैसे मोजणारा हात काढा.

गॉलवेकर
उशिरा लिहितोय, इकडची वेळ. मी आयर्लंडला असतो, मूळचा बेळगावचा, म्हणून राहवत नाही. सविता हलप्पनवार बेळगावची, दातांची डॉक्टर, वय 31. 2012 च्या ऑक्टोबरात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ गळायला लागला, वाचणार नव्हताच, तिने गर्भपात मागितला, पण गर्भाचे ठोके चालू होते म्हणून इथल्या कायद्यावर बोट ठेवून नकार मिळाला आणि सेप्सिस, म्हणजे अंगभर जंतुसंसर्ग, होऊन 28 तारखेला गेली. इथल्या घटनेत 1983 पासून आठवी दुरुस्ती होती, आई आणि गर्भ दोघांच्या जिवाचा हक्क सारखा. ती काढायची की नाही यावर 25 मे 2018 ला सार्वमत झालं आणि 66.4 टक्के लोक काढा म्हणाले.

आता चित्राचं सांगतो. डब्लिनमधल्या एका कलाकेंद्राच्या भिंतीवर मेझर नावाच्या चित्रकाराने 2016 ला निळ्यावर एक लाल बदाम काढला, आत पांढऱ्या अक्षरात आठवी रद्द करा एवढंच. परवानगीचा मुद्दा काढून पुसायला लावला. मग काय, तोच बदाम लोकांच्या टीशर्टवर, बिल्ल्यांवर, खिडक्यांत. 2018 ला परत काढला, परत पुसायला लावला. पुसणाऱ्यांनीच जाहिरात केली म्हणा ना. आणि मतदानाच्या वेळी दुसऱ्या एका भिंतीवर सविताचा चेहरा आला, नेहमीचा फोटो आहे तोच, हसरा. लोकांनी त्या भोवती छोट्या चिकट चिठ्ठ्या लावल्या, बहुतेक तिची माफी मागणाऱ्या, शेकड्यांनी. पाऊस लागेल म्हणून त्या नंतर काढून डब्लिनच्या शहर ग्रंथालयाच्या अभिलेखागारात जपून ठेवल्या. तिच्या आईवडिलांनी बेळगावहून सार्वमताला जाहीर पाठिंबा दिला होता. त्या भिंतीवर ना भ्रूण ना रक्त, एक आपल्याकडची मुलगी, कपाळावर टिकली. मी तिथे उभा होतो आणि शेजारची आयरिश आजी रडत होती, मला काय बोलावं कळेना.

पण रंगपेटी, सरळ कॉपी करू नकोस. इथे लढाई मताची होती, हो किंवा नाही. तुझ्याकडे कायदा आहेच, बाईपर्यंत पोचला नाहीये. म्हणजे चेहऱ्यापेक्षा माहितीचं डिझाइन जास्त लागेल असं मला वाटतं.

ओपीडी_दोनते५
गॉलवेकरांशी सहमत. मी तालुक्याला प्रॅक्टिस करते, थोडं कायद्याचं नीट लिहिते नाहीतर पोस्टरवर चूक जाईल. आपला कायदा 'माझं शरीर माझा निर्णय' असं म्हणत नाही. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, 20 ते 24 मध्ये दोन डॉक्टरांचं आणि तेही ठरावीक गटांसाठी, बलात्कार झालेली, अल्पवयीन, मधेच विधवा किंवा घटस्फोटित झालेली वगैरे. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड. 2021 च्या बदलात 'विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा' काढून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' केलं, आणि 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 20 ते 24 च्या गटातूनही अविवाहित बाईला वगळता येणार नाही. अठराच्या वरच्या बाईला सही फक्त स्वतःची. नाव गुप्त ठेवायचं हे कायद्यातच आहे. म्हणून मोठ्या अक्षरात 'हक्क' लिहिलंस तर ते अर्धंच खरं, 'तुझी सही पुरते' हे पूर्ण खरं.

आता माझं रोजचं रडगाणं. बायका आठवडे चुकीचे मोजतात. त्या मोजतात पाळी चुकली तिथून, आम्ही मोजतो शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, महिन्याचा फरक पडतो गं. दीड महिना झाला म्हणून येते आणि निघतात अडीच, मग गोळ्यांनी गर्भपात करायची नऊ आठवड्यांची मुदत हातची गेलेली. आणि आठवडे मोजायची जागा प्रत्येक घरात आहेच, स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं कालनिर्णय, पाळीच्या तारखेला पेनाचा बारीक टिंब. दुधाच्या हिशोबाशेजारीच असतो तो, पुरुषांना कधी दिसत नाही.

चुना_गेरू
डॉक्टरबाई, तो टिंब म्हंजे लाल त्रिकोणाच्या तोडीचं चिन्ह हाय की.

सिस्टरताई
आणि लावायचं कुठे तेही बघ. चौकात पोस्टर असेल तर कोण बाई उभी राहून वाचेल, चार जण बघतात. एसटी स्टँडच्या लेडीज टॉयलेटच्या दाराला आतून लाव. कडी लावल्यावर तीन मिनिटं तिची एकटीची, मोबाइल असेल तर फोटो काढून नेते.

रंगपेटी_मिरज
थँक यू सगळ्यांना, रात्रभर बसून केलं. कॅलेंडरचं पान, आकडे दिसतील न दिसतील असे, एका तारखेवर निळ्या पेनाचा टिंब, तिथून खाली आठवड्यांची ओळ, 9, 20 आणि 24 ला जरा ठळक. दुधाचे अर्धा लिटर एक लिटरपण लिहिलेत कोपऱ्यात. खाली फक्त 'मोजायला इथून सुरुवात कर. सही तुझी एकटीची पुरते.' आईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली टिंब इतका मोठा नसतो, कुणाच्या लक्षात येईल. लहान केला. सर म्हणतायत लांबून काहीच दिसत नाही, मी म्हटलं दाराच्या आत लांबून बघणार कोण.

आता टॉयलेटच्या दाराला पाणी मारतात तर स्टिकर टिकेल असा कागद कुठला घेऊ? व्हिनाइल घेतलं तर ए फोरला स्वस्तात कुठे होईल, सांगली मिरज साइडला?

चुना_गेरू
स्टिकर दोन महिन्यात सोलून निघतो. पत्र्याचं स्टेन्सिल काप आणि ऑइल पेंट मार. टिंब मी येऊन काढून देतो.