अनुभव धागा: माणूस जसा होता तसाच आलेला, तुम्ही काढलेला फोटो

गोदाकाठ:
परवा आबांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करायचा होता. चुलतभावानं ग्रुपवर फोटो मागितला तर सगळ्यांकडं एकच, आधार कार्डावरचा. त्यात आबा ठाण्यात आणून बसवल्यासारखे दिसतात. मग जुनी हार्डडिस्क लावली, त्यात ढाळजेतला, म्हणजे मोठ्या दारालगतच्या ओसरीतला एक सापडला. आबा अंबाडीचं चऱ्हाट वळायलेत, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, मोठ्या दारातून उजेड निम्म्या तोंडावर, अन् तोंडानं कुणावर तरी करवादणं चालूच. तोच छापला. काकू म्हणली, हां, हे आमच्या घरातले.
५० एमएमची १.८ लेन्स होती, बाकी शास्त्र मला येत नाही. हात कामात गुंतले की माणूस कॅमेऱ्याकडं बघत नाही एवढंच आपलं ज्ञान. तुमचे असले किस्से टाका, मोबाईलचे बी चालतील.

मांजराकाठचा:
खळं! सकाळी सूर्य समोर ठेवायचा अन् उफणणाऱ्याच्या पुढून काढायचा, भुसा असा पेटतो की बास. शटर १/५०० सेकंदाहून वेगवान पाहिजे नाहीतर दाणे रेघा होतात. पण आता उफणतंय कोण, मळणीयंत्र येतं, तासाभरात पोती भरून मोकळं. आमच्या मामानं माझ्यासाठी मुद्दाम सूप घेऊन उफणून दाखवलं तर तो फोटो अगदीच कृषी खात्याच्या कॅलेंडरवरचा आला, मामा हसायला लागला तेव्हाचा मात्र झकास

कडब्याची_गंजी:
@मांजराकाठचा सोयाबीनला काय भाव लागला ओ तुमच्याकडं

मांजराकाठचा:
विचारू नका

बालाघाटी:
अतिवृष्टीनंतर गावाकडं गेलो होतो, गळ्यात कॅमेरा. बांधावरून चाललो तर एक आजी पळत आल्या, चिखलात बसलेली कापसाची झाडं दाखवल्या, "इकडून काढ, हे सगळं येऊ दे, नंबर लिहून घे." त्यांना वाटलं पंचनाम्याला आलोय. म्हणलं आजी मी तलाठ्याचा माणूस नाही, हौस म्हणून काढतो. माझ्याकडं बघितल्या ती नजर!! तीच क्लिक झाली. राग, कीव, दोन्ही. नंतर चहा पाजल्या बरं का. पुढच्या खेपेला प्रिंट नेऊन दिली तर म्हणल्या, "झाडं कुठंयत यात?"

नुसतीच_वाचते:
😂😂 झाडं कुठंयत

स्टुडिओवाला_लातूर:
लग्नाचे फोटो काढून पोट भरतो म्हणून चार शब्द. मोबाईल तोंडाजवळ नेला की नाक मोठं दिसतं, दोन पावलं मागं सरका अन् २एक्स वर काढा. पोर्ट्रेट मोड पटक्याचा शेमला हमखास खातो, काठी तर अर्धी गायब. म्हाताऱ्या माणसाचं पांढरं धोतर, पांढरी टोपी फ्रेममध्ये जास्त आली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड लई झाला, तो सगळं काळं करतो, सावळा चेहरा पार जातो. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक होतंय, मग उजेड हातानं कमीजास्त करा. एप्रिलात अकरा ते चार काढूच नका, डोळ्याच्या खाचा नुसत्या काळ्या दिसतात. लिंबाखाली बसवलं तर तोंडावर उन्हाचे चट्टे. दारात बसवा, पाठीमागं अंधारी खोली. उजेड कमी पडला तर पोराच्या हातात धुतलेलं धोतर ताणून द्या, रिफ्लेक्टर फुकटात.

तांड्यावरची:
आमच्या बंजारा तांड्यावर दरवर्षी कोणतरी कॅमेरेवाले येतात अन् बायांना म्हणतात जुना पोशाख घाला, डोक्यावर घागर घ्या. माझी याडी (आई) रोज साधी साडी नेसते, फेटिया काचळी (आमचा घागरा-चोळी) पेटीत आहे, सणालग्नाला निघते. घागर कशाला, दारात नळ आहे! (दोन दिवसाआड येतो ते सोडा.) मी तिचा काढला तो ऊसतोडीहून परत आल्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून भांडी उतरवताना, घामानं केस चिकटलेले. भाऊ म्हणतो डिलीट कर, कसली दिसायली. याडी म्हणली राहू दे.
अन् पोशाखातला काढायचाच असला तर भर उन्हात नको, काचळीवरचे आरसे नुसते पांढरे ठिपके होतात. सावलीत तिला आभाळाकडं तोंड करून बसवलं की आरशात आभाळ दिसतं.

बालाघाटी:
ताई हे आरशाचं भारीच. आमच्या तिकडच्या टोळ्या दसऱ्यानंतर जातात, तेव्हा गाव अर्धं रिकामं, फोटो काढायला म्हातारी अन् लेकरंच उरतात.

परतूरचा_पाव्हणा:
मला हे ‘नकळत काढा’ प्रकरण पटत नाही. आमचे आजोबा कॅमेरा दिसला की ताठ उभे, हात मांडीला, श्वास रोखून. ते तसेच होते ओ! निझामाच्या राजवटीत शाळा शिकलेला माणूस, मास्तरासमोर बी तसाच उभा राहायचा. काचेच्या प्लेटीच्या काळात हललं की फोटो बिघडायचा, तीच सवय पुढं घरोघर चालली. सहाव्या निझामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ, त्यांची चित्रं बघा, सगळे ताठ बसलेत, तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा कळतो. ताठ तर ताठ.

गोदाकाठ:
@परतूरचा_पाव्हणा मान्य. पण तुमचे आजोबा ताठ राहून बी तेच होते, आमचे आबा ताठ झाले की दुसरेच कुणीतरी व्हायचे.

येळवस_स्पेशल:
धाराशिव-लातूरवाले गप का? येळवशीला (वेळ अमावास्येला, शेतातल्या सणाला) संध्याकाळी हेंडगा (गवताचा पलिता) पेटवून पोरं शिवारातून पळतात तेव्हा काढा की. फ्लॅश बंद. नुसत्या जाळाचा उजेड तोंडावर, बाकी काळं. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) चढवावा लागतो, दाणे दिसतात फोटोत, दिसू द्या. माझ्या बहिणीचा आहे, हेंडग्याकडं बघत ओरडायलीय, तोंड केवढं उघडं. स्थळं बघताना आईनं तो लपवून ठेवला होता, दाजींना नेमका तोच आवडला.

नुसतीच_वाचते:
येळवस म्हणलं की भज्जी आठवली, सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली. अन् आंबील. पुण्यात इथं कुणाला सांगावं तर कांदाभजी समजतात 😭

कडब्याची_गंजी:
भज्जीत चिंच किती घालता? आमची बायको जालन्याची, तिच्या हातची गोड लागते

माळेगाव_यात्रा:
नांदेडकडच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत चेहरे बघायचे तर घोड्यांच्या बाजारात नाही, गाढवांच्या बाजारात जा. घोडेवाल्यांना कॅमेऱ्याची सवय झालीय, लगेच मिशीला ताव. गाढवाचा सौदा करणाऱ्याला कुणी विचारतच नाही. आधी बसा, तंबाखू द्या घ्या, कॅमेरा मांडीवर. विचारल्याशिवाय काढू नका, मागच्या खेपेला एका पोरानं वाघ्या-मुरळीचे सोडून बाया भाकरी थापत होत्या तिथं लेन्स घुसवली, चांगलाच चोप खाल्ला असता.

तांड्यावरची:
खायलाच पाहिजे होता.

कोरी_वही:
८५ एमएम घ्यावी की ५०? बजेट कमी आहे, घरातच काढायचे आहेत आज्जीचे

स्टुडिओवाला_लातूर:
५० घ्या. ८५ नं घरात मागं सरकत सरकत न्हाणीत जाल. जुनी बी चालते, फक्त काचेत बुरशी बघून घ्या.

येळवस_स्पेशल:
@कडब्याची_गंजी चिंच अंदाजानं, ताक अन् बेसन जास्त. वहिनींना काही बोलू नका.