कपाळावरच्या आठ्यांवर किती विसंबायचं?

अर्धा चेहरा लुळा पडला की "कपाळावर आठ्या पडत असतील तर मेंदूतला झटका (स्ट्रोक), पडत नसतील तर बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या नर्व्हचा लकवा)" हा नियम बहुतेक वेळा चालतो, मान्य. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात, त्यामुळे एका बाजूला झटका आला तरी भुवया उचलता येतात. पण झटका खाली पॉन्समध्ये, म्हणजे मेंदूच्या देठाच्या मधल्या भागात, असला की हाच नियम तोंडघशी पाडतो. तिथे चेहरा हलवणाऱ्या सातव्या नर्व्हचे तंतू, नजर बाजूला वळवणाऱ्या सहाव्या नर्व्हच्या केंद्राला वळसा घालून बाहेर पडतात. नेमकी ती जागा गेली तर कपाळासकट अर्धा चेहरा लुळा, हुबेहूब बेल्ससारखा.

आमच्या ओपीडीत असेच एक आजोबा आले होते, मधुमेह जुना. डावी बाजू पूर्ण सैल, घरच्यांच्या मते "वारं लागलं". पेन डावीकडे सरकवलं तर दोन्ही बुबुळं मध्येच अडायची, पुढे जाईनात. त्यामुळे आठ्या बघून झाल्या की नजर दोन्हीकडे फिरवायला सांगा, एकाचे दोन दिसतात का विचारा. नजर अडली तर एमआरआयच करा, पॉन्समधला छोटा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) सीटीवर सहज निसटतो. आणि डोळा मिटत नसेल, तर कारण काहीही असो, रात्री मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद ठेवा. बुबुळाला जखम व्हायला वेळ लागत नाही.